उजवी मूठ

"तीन बास, वैजू. चौथं ओवू नगंस. वजन हुतंय."

आई चिपाडं पसरत होती. तिनं मान वर केली नव्हती, तरी मी चौथं रताळं हातात घेतलंय हे तिला कळलं होतं. मी दाभणानं रताळ्याला भोक पाडलं, सुतळी आरपार ओढली आणि खाली गाठ मारली. चारही रताळी एकमेकांवर आपटली. आईनं पुढची चिपाडं पसरायला घेतली. तिची पद्धतच ती होती. एकदा सांगायचं आणि सोडून द्यायचं.

मी अकरा वर्षांची होते. माझे वडील, आबा, गावच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. उसाचा रस काहिलीत आटत असताना त्याचा गूळ नेमका कोणत्या क्षणी होतो, हे गुळव्या ठरवतो. क्षणभर आधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. आमची काहील आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी होती. ती चुलवाणावर जमिनीलगत बसवलेली असे आणि खालच्या अंगाला तोंडाशी बसून धोंडीमामा चिपाडं आत सारत. धोंडीमामा आमच्या नात्याचे नव्हते, पण आईला त्यांनी बहीण मानलेलं होतं आणि दर दिवाळीला तिच्या हातचं खाऊन तिलाच नावं ठेवत. आई तिथं मजुरीला होती. चरकातून निघालेली ओली चिपाडं वाळत घालायची आणि वाळलेली धोंडीमामांकडे पोचवायची.

रस उकळायला लागला आणि मळी काढून झाली की आम्ही पोरं काहिलीत माळा सोडायचो. सुतळीत ओवलेली रताळी, बटाटे, कधी कच्ची पपई. सुतळीचं दुसरं टोक काठावरच्या खुंटीला बांधायचं. तासाभरात रताळं आतपर्यंत रसानं भरून जाई. तसं रताळं मी नंतर कुठंच खाल्लं नाही. त्याचा एकच नियम होता. रस पिवळा आणि जड व्हायच्या आत माळ बाहेर निघाली पाहिजे. त्यानंतर काठावर फक्त आबा.

त्यांच्या शेजारी जर्मनच्या पातेल्यात गार पाणी असे. ते बोटं पाण्यात बुडवत, मग तशीच उकळत्या पाकात घालत, चिमूटभर पाक उचलून परत पाण्यात. पाण्यातल्या पाण्यात त्याची गोळी वळत आणि पातेल्याच्या कडेवर फेकून आवाज ऐकत. मी लहान असताना एकदा त्यांना विचारलं होतं, भाजत नाही का? ते म्हणाले होते, "पाण्यातनं जाऊन पाण्यात येतंय की बोट. मधल्या मधी चटका कवा बसायचा?" आई तेव्हा तिथंच उभी होती. तिनं ते ऐकलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी माळ सोडली आणि चिपाडांच्या ढिगावर जाऊन बसले. ढेपा गुंडाळायला आणलेली रद्दी तिथं पडलेली असे आणि छापलेलं काहीही दिसलं की मला जग दिसत नसे. एका जुन्या अंकातली गोष्ट सापडली. एक बाई सामान बांधून स्टेशनवर नवऱ्याची वाट बघते आहे, तो येत नाही, आणि पुढचं पान फाटलेलं. मी सगळी रद्दी उपसून ते पान शोधत राहिले. माळ डोक्यातून गेली.

आठवण झाली ती वासानं. रसाचा वास कच्चा असतो, पाकाचा वेगळा, घशात उतरणारा. मी पळत गेले तेव्हा काहिलीतला फेस बसला होता आणि जाड बुडबुडे फदफद करत फुटत होते. आबा काठावर नव्हते. जाळ कमी करायला सांगायला ते धोंडीमामांच्या बाजूला खाली वाकले होते. मला वाटलं, ते वर यायच्या आत माळ काढली तर कोणाला कळणार नाही.

सुतळी हाताला लागली तेव्हाच ती नेहमीपेक्षा जड होती. चार रताळी, आणि त्यांच्याभोवती पाकाचा थर. ती काहिलीच्या काठाला अडकली. मी हिसका दिला.

माळ सुटून वर आली आणि झोका खाऊन माझ्या डाव्या हातावर आपटली.

मी किती मोठ्यानं ओरडले ते मला आठवत नाही. धोंडीमामा पुढं कित्येक वर्षं सांगायचे की चरकाचा बैल उधळला, पण बैलाला ते दर वेळी वेगळ्या गावापर्यंत पळवत. मला आठवतं ते एवढंच की आई माझ्यासमोर होती. चिपाडांच्या ढिगापासून काहिलीपर्यंतचं अंतर तिनं कसं कापलं कोण जाणे. तिनं माझा दंड डाव्या हातानं धरला, उजवा तळवा माझ्या कोपरावर ठेवला आणि खाली मनगटापर्यंत एका फटकाऱ्यात ओढत नेला. परातीला चिकटलेलं पीठ निपटून काढावं तसा. मग मला ओढत हौदाकडे घेऊन गेली.

हौद काहिलीपासून वीसेक पावलांवर होता. तिनं माझा हात कोपराच्या वरपर्यंत पाण्यात घातला आणि माझ्या खांद्यावर आपल्या अंगाचा भार टाकला, मला हात काढता येऊ नये म्हणून.

"मालन, पाणी नगं!" धोंडीमामा धावत आले. त्यांच्या एका हातात चुन्याच्या निवळीचा तांब्या होता, दुसऱ्यात तेलाची बाटली. निवळी आणि तेल फेटून लावायचं, हे गुऱ्हाळावरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं औषध होतं. आणि भाजल्यावर पाणी लागलं की फोड येतात, हे तर आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आई म्हणाली, "तेल ठेवा तिकडं."

"आगं, फोड उठतील. पोरीची जात हाय. हात इद्रूप हुईल."

तेवढ्यात आबा पोचले. ते कधीच पळत नसत, त्यामुळे त्यांना धाप लागलेली बघून मला जास्त भीती वाटली. त्यांनीही तेच सांगितलं, आधी आवाज चढवून, मग समजावणीच्या सुरात. हात बाहेर काढ, निवळी लावू, पाणी नको. आईनं मला धरून ठेवलं होतं ते तसंच.

"तुमची बोटं दिसभर पाण्यात असत्यात," ती म्हणाली. "पाकात घालून परत पाण्यात. कवा फोड आला तुमास्नी?"

आबांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. एवढी वर्षं ती बोटं त्यांच्याच हाताला होती, पण बहुतेक त्या दिवशी त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली.

"हौदातलं कोमट व्हाया लागलंय," आई म्हणाली. "इंजान चालू करा. विहिरीचं वाहतं पाणी येऊ द्या."

त्यांनी काहिलीकडे एकदा वळून बघितलं. काहिलीतल्या रसाचं आधण गूळ व्हायला आलं होतं. दोन मिनिटं, फार तर तीन. गुळव्या त्या वेळी काठ सोडत नाही, सख्खा भाऊ मेला तरी सोडत नाही, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांनी धोंडीमामांना चुलवाणातला जाळ ओढायला पिटाळलं आणि स्वतः विहिरीकडे गेले. इंजिन सुरू झालं. पाइपमधून गार पाण्याची धार पडायला लागली, तशी आईनं माझा हात धारेखाली धरला. थोड्या वेळानं करपलेल्या गुळाचा वास आला. जाळ ओढूनही काहिलीच्या बुडाची आग लगेच विझत नाही. त्यांच्या उभ्या आयुष्यात करपलेलं ते एकच आधण.

किती वेळ आम्ही तशा बसलो? आबा म्हणतात, दोन बिड्या होतील इतका. मला तो आख्खा दिवस वाटला. धार चालू असताना दुखणं कमी व्हायचं, आणि मी हात हलवला की परत पेटायचं. हातावर राहिलेला गूळ पाण्यात विरघळून पिवळसर रेघांनी वाहून चालला होता. मी नखानं एक कपची काढायला गेले तर आईनं डाव्या हातानं माझी बोटं दूर केली. "वडू नगं. कातडं येईल त्येच्यासंगं. गूळ हाय, पाण्यात आपसूक जाईल." माझ्या हातात चार काचेच्या बांगड्या होत्या, जत्रेतल्या. तिनं माझं मनगट हौदाच्या कडेला टेकवलं आणि एकेक करून त्या फोडल्या. मी आणखी रडले. "सुजंल," एवढंच ती म्हणाली.

हे सगळं ती डाव्या हातानं करत होती. उजवा हात तिनं मांडीवर ठेवला होता, पदराखाली अर्धा झाकलेला. मूठ घट्ट आवळलेली होती. इतकी घट्ट, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मी ती मूठ पाहिली आणि मला वाटलं, ती मला मारणार आहे.

आईनं मला तोवर कधी मारलं नव्हतं. पण मी चौथं रताळं ओवलं होतं, तिचं न ऐकता. नको त्या वेळी काठावर गेले होते. माझ्यामुळे आबांचं आधण करपलं होतं. शाळेतल्या पुष्कळ मुलींच्या आया मारत, त्यामुळे मारणारी मूठ कशी दिसते ते मला माहीत होतं. मी ठरवून टाकलं की ही माझा हात बरा होण्याची वाट बघते आहे, मग घरी गेल्यावर बघून घेईल. तिनं मला जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, यानं तर माझी खात्रीच पटली. मी पाण्याकडे बघून रडत होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या मुठीवर लक्ष ठेवून होते.

पाणी पुरे झालं असं आईला वाटलं, तेव्हा तिनं आबांचं धुतलेलं धोतर मागवलं. दोरीवर वाळत होतं ते. त्याचा एक पदर धारेत भिजवून, पिळून माझ्या हातावर सैल टाकला. आबांनी मला खांद्यावर घेतलं. नर्सबाईंचं उपकेंद्र गावाच्या वेशीवर, गुऱ्हाळापासून अर्ध्या मैलावर होतं. आई मागून चालत होती. मी आबांच्या खांद्यावरून मागं बघत होते. मूठ तशीच होती.

नर्स रूथबाई सातपुते मिरजेकडच्या होत्या. आमच्या गावात त्यांना येऊन पाच वर्षं झाली होती आणि गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, तरी बायका त्यांच्याकडे गोळ्या मागायला जाताना तोंड लपवून जात. त्यांनी धोतर उचलून माझा हात पाहिला, मग खिडकीजवळ नेऊन पुन्हा पाहिला.

"काय लावलंत याला?"

"काय न्हाई," आबा अपराध्यासारखे म्हणाले. "पाण्यात धरला हुता."

"किती वेळ?"

आबांनी बिड्यांचा हिशेब सांगितला. रूथबाई खुर्चीत मागं टेकल्या. म्हणाल्या, पाच वर्षांत मी या गावात शाई लावलेली बघितली, बटाट्याचा कीस बघितला, दंतमंजन बघितलं, एकानं तर शेणाचा पो बांधून आणला होता. पाण्यात धरलेला हात आज पहिल्यांदा बघते आहे. कुणी सांगितलं तुम्हाला?

आबांनी आईकडे बोट दाखवलं.

मग रूथबाईंनी मलाच माझा हात समजावून सांगितला. असं माझ्याशी तोवर कोणी मोठं माणूस बोललं नव्हतं. हे लाल झालंय ना, हे वरच्यावर आहे, उन्हानं होतं तसं. आठवड्यात जाईल. इथं हे दोन फोड आलेत, हे जरा आतवर गेलंय. यांना टोचायचं नाही, आतलं पाणी कातडीला झाकून ठेवतं. खूप दुखतंय? मी हो म्हटलं. "दुखू दे," त्या म्हणाल्या, "दुखतंय म्हणजे आतली कातडी जिती आहे."

त्यांनी स्वच्छ पट्टी सैल गुंडाळली. मी थरथरत होते म्हणून अंगावर चादर घातली. मग आईला म्हणाल्या, तुम्हीही घोटभर पाणी घ्या, आणि पेला पुढं केला.

आईनं पेला डाव्या हातानं घेतला.

आमच्याकडे कोणी डाव्या हातानं पेला घेत नाही. देणाऱ्याचा तो अपमान असतो. रूथबाई आईकडे बघत राहिल्या. आई पाणी प्यायली आणि तिनं पेला खाली ठेवला, तोही डाव्यानंच.

"मालनताई, उजव्या हाताला काय झालंय?"

"काय न्हाई."

"बघू."

"काय न्हाई झालं, बाई. दुखतबी न्हाई."

माझ्या पट्टीची गाठ मारतानासुद्धा रूथबाई बोलत होत्या, हसत होत्या. ते थांबलं. त्या उठून आईसमोर येऊन बसल्या. "अजिबात दुखत नाही?"

"पयल्यांदा चटका बसला. मग काय न्हाई."

"मूठ उघडा."

आईनं मूठ उघडायचा प्रयत्न केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हललंच नाही. ती स्वतःच चकित होऊन त्या हाताकडे बघायला लागली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. रूथबाईंनी परातीत पाणी घेतलं आणि मूठ त्यात ठेवली. पाणी हळूहळू पिवळं झालं. त्यांनी ते ओतून दुसरं घेतलं, मग तिसरं. बोटांच्या फटींतून गूळ वितळून येत होता. चौथ्या पाण्याला बोटं थोडी सुटली आणि तळव्यात लिंबाएवढा गुळाचा गोळा दिसला. घट्ट बसलेला, नीट वळलेला, आबा पाण्यात गोळी वळून बघायचे तसा.

आबा म्हणाले, "वैजूच्या हातावरचा हाय त्यो."

तोही विरघळला. खाली तळवा लाल नव्हता. फोड नव्हते. तो पांढरा होता, मेणासारखा, कडेला तेवढा तपकिरी. माझ्या हातापेक्षा तो कितीतरी शांत दिसत होता.

रूथबाईंनी आईला डोळे मिटायला सांगितले. उकळलेल्या पाण्यातून काढलेली सुई घेतली. "आता मी सुई लावणार आहे. लागली की सांगा."

आई डोळे मिटून बसली. इंजेक्शन घेताना बसायची तशी, ओठ दाबून. मी सुई बघत होते. सुई तळव्यावर टेकली, मग दुसऱ्या जागी, मग बोटांच्या मुळाशी.

"लावा की," आई म्हणाली.

"लावली आहे, मालनताई."

आईनं डोळे उघडले.

एवढा वेळ मी माझ्या हातासाठी रडत होते. ते रडणं तिथं बंद झालं. रूथबाई आबांशी हलक्या आवाजात बोलत होत्या, पण खोली एवढीशी होती. गूळ पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो आणि आत भाजत राहतो. पोरीच्या अंगावर तो क्षणभर होता, यांच्या मुठीत तासभर आहे. आतल्या नसा गेल्यात, म्हणून कळत नाही. हे इथं होणार नाही, लगेच जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. आणि त्याआधी बांगड्या काढायला पाहिजेत. मनगट सुजतंय, आणखी सुजलं की त्या आत रुततील.

बांगड्या ऐकल्यावर आईनं हात मागं घेतला.

तोपर्यंत ती सगळ्यांचं ऐकत होती. आता तिनं हात पोटाशी धरला. उजव्या हातात तिच्या सहा हिरव्या बांगड्या होत्या, दोन पाटल्यांच्या मागं. पाटल्या सैल होत्या, त्या रूथबाईंनी साबण लावून उतरवल्या. काच उतरेना. फोडायला लागणार होती. आई म्हणाली, दवाखान्यात काय व्हायचं ते होऊ दे, हात गेला तर जाऊ दे. मालक समोर बसलेत. नवरा जिता असताना त्याच्या डोळ्यांदेखत बाईच्या बांगड्या फुटत नाहीत. रूथबाईंनी समजावलं, रागावून पाहिलं. माझ्या बांगड्या खटाखट फोडणारी आई ही नव्हतीच. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं ते तेव्हा.

आबा उठले. दाराला आधार म्हणून ठेवलेला दगड त्यांनी उचलला, पाण्यानं धुतला आणि आईसमोर मांडी घालून बसले.

"आण हात."

"आवं, नगं. तुमच्या हातनं नगं."

"माझ्या हातनंच," आबा म्हणाले. "म्या जित्ता हाय म्हणूनच. मेल्यावर दुसरं कुणीबी फोडंल, आता म्याच फोडतो. आण."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला. आबांनी मनगटाखाली धोतराची घडी ठेवली आणि एकेक बांगडी चिमटीत धरून दगडाच्या कडेनं फोडली. पाकाची गोळी उचलावी तितक्या हलक्या बोटांनी. तिला कुठं काच लागली नाही. सहावी फुटल्यावर त्यांनी सगळे तुकडे गोळा करून रुमालात बांधले आणि खिशात घातले.

आई दोन महिने दवाखान्यात होती. मांडीची कातडी काढून तळव्याला लावली. शेवटची दोन बोटं वाकडीच राहिली, ती कायमची. चिपाडाची कामं तिला जमेनात, मग ती घरीच राहिली आणि आबांनी मला शिकायला सांगलीला ठेवलं. काहिलीत माळा सोडणं त्या गुऱ्हाळावर बंद झालं. माझ्या हातावर आज फिकट रंगाचा एक पट्टा आहे, कोपरापासून मनगटापर्यंत. सांगितल्याशिवाय कोणाला दिसत नाही.

नोकरी लागल्यावर एकदा मी तिला विचारलं होतं, तुला खरंच कळलं नव्हतं का? ती भाकरी थापत होती, तीन बोटांनी. तिला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "तू एवढी वरडत हुतीस," ती म्हणाली. "त्यात मला माझं काय ऐकू येतंय?"

मी त्या मुठीला भ्याले होते, हे मात्र मी तिला कधी सांगितलं नाही. पुष्कळ वर्षं मिळाली होती. दर वेळी वाटायचं, पुढच्या सुट्टीत सांगू.

ती या माघात गेली, झोपेतच. आबांच्या आधी गेली म्हणून बायका तिला भाग्याची म्हणाल्या. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. डाव्या हातात बांगड्या भरल्या. उजव्यात त्या जाईनात, वाकड्या बोटांवर अडायला लागल्या. माझी जाऊ म्हणाली, राहू दे तो हात, पदराखाली झाकू. मी पुढं झाले. ती दोन बोटं मी माझ्या ओंजळीत धरली आणि एकेक बांगडी चढवली. सहा. वेळ लागला. बाहेर माणसं खोळंबली होती, पण कोणी घाई केली नाही.

मी रडले नाही. आल्यागेल्याचं केलं, चहा केला, पुण्याहून येणाऱ्या चुलत भावाला गाडीची वेळ सांगितली. बायका आपसात बोलत होत्या की वैजयंता खंबीर आहे, शिकलेली आहे. एक म्हणाली, काळीज दगडाचं आहे.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून आम्ही परतलो. आबा चौऱ्याऐंशी वर्षांचे, त्यांना नदीवर नेलं नव्हतं. ते दारात स्टुलावर बसले होते, पायाशी पाण्याची बादली, हातात तांब्या. परतलेल्यांच्या हातापायांवर पाणी घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. एकेक जण हात धुऊन आत जात होता. मी शेवटी होते.

"रडली न्हाईस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

"नाही, आबा."

"दुखत न्हाई?"

"नाही," मी म्हटलं. खरंच काही होत नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं. फेस बसत आल्यावर काहिलीकडे बघायचे तसं, बराच वेळ. मग म्हणाले, "हात पुढं कर."

मी हात पुढं केले. त्यांनी तांब्या तिरका केला आणि बारीक धार माझ्या हातांवर सोडली. हात ओले झाले, धुतले गेले. मी ते मागं घ्यायला लागले, तर त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. तांब्या संपला. त्यांनी बादलीतून तो पुन्हा भरला.

"पुरे, आबा. झालं."

"थांब जरा," आबा म्हणाले. "लई येळ धराय लागतंय."